माहेरची फिकट पट्टी

जुईचा पहिला दात पडला त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या फाटकावरच्या फलकावर हवेचा आकडा हिरवा होता, ब्याण्णव. आणि जुईच्या छातीत घरघर होती.

मी कामावरून आले तेव्हा ती दारातच उभी होती, ओठ मुडपून. मी चपला काढेपर्यंत तिने दम धरला आणि मग तोंड उघडून दाखवलं. खालच्या ओळीत मधोमध एक गुलाबी खिडकी.

"दात कुठाय?" मी विचारलं.

"दिला."

"कोणाला?"

"उंदराला. कुसुमआजीने शिकवलं. पाठ करून उभं राहायचं आणि डोक्यावरून मागे टाकायचा. माझा पहिल्याच फटक्यात पत्र्यावर गेला. स्पृहाचा तीनदा खाली पडला होता." एवढं बोलून तिला खोकला आला.

दोन महिन्यांपासून मी देवघराशेजारी एक डबी ठेवली होती, आत कापूस घालून. सगळ्यांना बजावलं होतं की दात पडला की तिच्यात ठेवायचा. डबी तशीच रिकामी होती.

कुसुममावशी समोरच्या दारात राहतात. तीस वर्षं महापालिकेत झाडू मारला, आता निवृत्त. शाळा सुटल्यापासून मी येईपर्यंत जुई त्यांच्याकडे असते.

"मावशी, दात ठेवायचा असं सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतंस. पण दात घरात ठेवला की नवा वाकडा येतो. तुला चालेल गं डॉक्टरीणबाई, पोरीला उद्या आरशात बघायचंय."

"मी डॉक्टर नाही. मशीन चालवते."

"मग तर गप्पच बस," मावशी म्हणाल्या आणि माझ्या हातात गरम थालीपीठ ठेवलं.

मशीन चालवते हे खरं होतं. दंतमहाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेल्या वर्षी आलेलं, मिक्सरपेक्षा थोडं मोठं यंत्र. झाडाच्या खोडात वर्षाला एक कडं वाढतं, तशी दुधाच्या दातात दिवसाला एक रेघ वाढते. ही वाढ सुरू होते आईच्या पोटात, साधारण पाचव्या महिन्यात, आणि चालते मूल जवळजवळ वर्षाचं होईपर्यंत. दात हिरडीतून वर येतो तोवर त्याचं बरंचसं लिहून झालेलं असतं. त्या त्या दिवशी आईच्या रक्तात, नंतर बाळाच्या रक्तात जे फिरत होतं, त्याचा अंश त्या दिवसाच्या रेघेत अडकून राहतो, कायमचा. जन्माच्या दिवशी बाळाला असा काही धक्का बसतो की दातात एक ठळक रेघ उमटते. आम्ही तिला जन्मरेघ म्हणतो. तिच्या एका बाजूला पोटातले दिवस, दुसऱ्या बाजूला बाहेरचे.

यंत्र एवढंच करतं: दात उभा कापायचा, आतल्या भागावरून केसाहून बारीक लेसर फिरवायचा. किरण लागेल तिथली चिमटीतही न येणारी धूळ उडते आणि त्या धुळीत कुठले धातू किती आहेत ते पडद्यावर उमटतं. पूर्वी याला मोठी खोली आणि महिनाभर लागायचा. आता एका दाताला वीस मिनिटं.

मला जुईचा दात हवा होता तो यासाठी. दर पंधरा दिवसांनी वाफेचं यंत्र तोंडाला लावून बसणारी माझी मुलगी. डॉक्टर म्हणत, घरातल्या धुळीची ऍलर्जी आहे, उशा उन्हात टाका. मी टाकत होते. उशांवर संध्याकाळपर्यंत करडा थर बसायचा.

मुंबईच्या पूर्व टोकाला, खाडीच्या कडेला आमची वसाहत आहे, आणि वसाहतीच्या पलीकडे कचऱ्यापासून वीज करणारी भट्टी. चौदा वर्षं ती चालू आहे. तीन वर्षांपूर्वी लाल दिवसाचा कायदा आला: वॉर्डाचा हवेचा आकडा तीनशेच्या वर गेला की शाळा बंद, सभा-समारंभ बंद आणि भट्टी चोवीस तास बंद. कायदा आला त्याच महिन्यात आमच्या वॉर्डाचं हवा मोजायचं केंद्र नाक्यावरून उचलून नाना-नानी बागेत नेलं. तेव्हापासून आमच्याकडे एकही लाल दिवस आला नव्हता.

त्या केंद्राची देखभाल माझा नवरा संदेश करतो.

*

आमच्या सात मजली इमारतींना कौलं नाहीत, म्हणून वसाहतीतली मुलं दात टाकतात पंपाच्या खोलीवर. तिला सिमेंटचे उतरते पत्रे आहेत आणि पत्र्यांच्या टोकाला पन्हळ. त्या पन्हळीला खाली उतरणारा पाइपच नाही. तो डावीकडून उतरवायचा की उजवीकडून यावरून सेक्रेटरी आणि कंत्राटदाराचं जे फाटलं ते आजतागायत जुळलेलं नाही.

शनिवारी दुपारी मी शिडी लावली. दुसऱ्या पायरीवर असताना मागून पदर ओढला गेला.

"उतर खाली," कुसुममावशी म्हणाल्या. "पाच महिन्यांचं पोट घेऊन पत्र्यावर निघाली. मी टाकायला लावला, मीच काढते."

"तुम्ही पासष्टच्या आहात, मावशी."

"पासष्टच्या बाईच्या पोटात पोर नसतं." त्यांनी पदर खोचला, कमरेला गव्हाची चाळण अडकवली आणि चढल्या.

थोडा वेळ वरून नुसता खरखराट ऐकू आला. मग आवाज थांबला.

"मनाली," त्या वरून म्हणाल्या, वेगळ्याच आवाजात, "तुला एक पायजे होता ना?"

चाळण खाली आली. कबुतरांची विष्ठा आणि काळा गाळ चाळून गेला होता आणि उरले होते दात. तांदळापेक्षा मोठे, मक्याच्या दाण्यांपेक्षा लहान. मी मोजले. त्रेसष्ट. वसाहतीतल्या मुलांनी सहा-सात वर्षांत पाठ फिरवून टाकलेले, कोणाचे कुठले काही पत्ता नाही. यातला एक माझ्या जुईचा होता, आणि तो कुठला ते मला, तिच्या आईला, ओळखता येत नव्हतं.

*

प्रयोगशाळेच्या प्रमुख अल्मेडा मॅडम. वसईच्या. बोलायला कडक, पण माझ्या पोटाकडे बघून रोज खुर्ची पुढे सरकवणाऱ्या. जेवणाच्या सुट्टीत यंत्र वापरायची परवानगी त्यांनी दिली. डबा एका हातात, चिमटा दुसऱ्या हातात, असे तीन आठवडे मी दात कापत होते. उन्हापावसात पडलेल्या दाताचा बाहेरचा थर खराब होतो, आतला नाही. आतलं सगळं शाबूत होतं.

शिसं, कॅडमियम, अँटिमनी. कचरा जाळला की तिन्ही बरोबर चढतात. पडद्यावर तिन्ही बरोबर चढलेले होते, दातामागून दात.

"वाईट आहे," मॅडम म्हणाल्या. "पण तू हे कुठे नेणार असशील तर मी तुला आत्ताच सांगते ते काय म्हणतील. शिसं भिंतीच्या रंगातून आलं. भांड्यांच्या कल्हईतून आलं. हळदीतल्या भेसळीतून आलं. तुलनेला काय आहे तुझ्याकडे? तीच आई, तेच मूल आणि हवा तेवढी वेगळी. असं काही असेल तर बोल."

असं काय असणार? मी परत पडद्यासमोर बसले. शिवाय एक वेगळाच ताप होता. निम्म्याहून जास्त दातांत जन्मरेघेच्या दोन्ही बाजूंना एक फिकट पट्टी येत होती. धातू चढलेले, मग एकदम उतरलेले, मग परत चढलेले. मी म्हटलं लेसर मध्येच दम सोडतोय. काच पुसली, दात परत लावले. परत पट्टी. तीन दिवस मी ती यंत्राचा दोष म्हणून वहीत लिहीत होते. लग्न झालेली, एक बाळंतपण केलेली बाई मी, आणि तीन दिवस मला कळलं नाही.

कळलं ते रविवारी, संदेशच्या तोंडून.

संदेश बाल्कनीत बूट उलटे करून वाळत घालत होता. त्याचे बूट रोज ओले असतात. बागेत केंद्राच्या भोवती फवाऱ्याच्या दोन तोफा लावलेल्या आहेत, सकाळी सहापासून पाण्याचं धुकं उडवत असतात. धुळीचे कण त्या पाण्याबरोबर खाली बसतात आणि केंद्राच्या नळीत धुतलेली हवा जाते.

"तू आईकडे जा," तो म्हणाला. "सातव्यापर्यंत कशाला थांबतेस, आत्ताच जा लांज्याला. जुईलाही ने. मागच्या मे महिन्यात ती तिथे एकदाही खोकली नव्हती. जुईच्या वेळी नव्हतीस का गेलीस, किती बरं होतं सगळं."

माझ्या हातातला टॉवेल हातातच राहिला.

"संदेश, जुईच्या वेळी मी कधी गेले?"

"सातव्यात. डोहाळजेवण झालं की दुसऱ्या दिवशी."

"आणि आले कधी?"

"जुई तीन महिन्यांची झाल्यावर. मीच आलो होतो न्यायला."

"तीन महिने आणि दहा दिवसांची," मी म्हटलं. "आणि मध्ये?"

"मध्ये काय? मध्ये दादाच्या लग्नाला तीन दिवस इकडे आली होतीस, दोन महिन्यांची पोर घेऊन. आई ओरडली होती तुला."

दुसऱ्या दिवशी मी डबा न उघडताच पडद्यापाशी बसले. अठ्ठेचाळीस नंबरचा दात. जन्मरेघेच्या आधी सत्तर दिवस रेघा फिकट होत गेलेल्या. नंतर शंभर दिवस फिकट. आणि त्या फिकट पट्टीत, जन्मरेघेपासून साठ रेघांच्या पुढे, तीन काळ्या रेघा. एकमेकींना चिकटून. दिराच्या लग्नाचे तीन दिवस.

सापडला माझ्या जुईचा दात. तो मी तळहातावर घेतला. अल्मेडा मॅडम मागे येऊन उभ्या राहिलेल्या कळल्या नाहीत.

"मॅडम, तुलनेला आहे," मी म्हटलं. "तीच आई, तेच मूल. पहिल्या बाळंतपणाला आम्ही माहेरी जातो."

*

"बावीस झाडं आहेत त्या बागेत," मी संध्याकाळी संदेशला म्हटलं. "बावीस झाडांना बारा तास पाणी. कुजली असतील."

"कुजलीत," तो म्हणाला. "दोन बकुळी मेल्या."

"मग?"

"मग काय? बागेला पाणी द्यायचा लेखी आदेश आहे. तोफ केंद्राजवळ लावा असं कोणी लिहीत नाही, तसं तोंडी सांगतात. मी चावी बंद केली तर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस येईल आणि चालू करेल. मी घरी, आकडा तिथेच. तुला वाटतं मला कळत नाही? रोज तिथे उभं राहून मी चांगली हवा घेतो आणि घरी येऊन पोरीला वाफ देतो."

त्याचा आवाज फुटला तशी जुई चित्र काढायची थांबली. मी तिला दुसरा खडू दिला.

"पुढच्या गुरुवारी सुनावणी आहे," मी म्हटलं. "भट्टीला आणखी पंधरा वर्षं द्यायची की नाही त्याची. मी दात घेऊन जाणार आहे."

"मनाली, तू लांज्याला जा. हात जोडतो."

"जाते. आणि परत कधी येऊ?"

तो जुईच्या वाफेच्या यंत्राची नळी गुंडाळू लागला.

"माहेर म्हणजे रजा आहे रे," मी म्हटलं. "पाच-सहा महिन्यांची. जुईने रजा घेतली होती, तिच्या दातात दिसते. रजा संपली की काय होतं तेही दिसतं. गेल्या महिन्यापासून याचेही दात धरायला लागलेत." मी पोटावर हात ठेवला. "रोजची एक रेघ चाललीय. याला मी रजेवर वाढवणार नाही."

तो उठून बाल्कनीत गेला. बूट अजून वाळले नव्हते.

*

पुढच्या सोमवारी संध्याकाळी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये चटया टाकल्या. भिंतीवर चादर लावून मी एकेका दाताचा आलेख दाखवू लागले. सहा ते बारा वर्षांच्या पोरांच्या आया, तीसेक जणी. आधी कोणालाच विश्वास नव्हता.

"हा बघा," मी म्हटलं. "ही बाई सातवा संपता संपता गेली आणि बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर आली. मध्ये सोळा दिवस इकडे येऊन गेली."

मागून तबस्सुम उठली. दोन मुलांची आई, पहिल्या मजल्यावरची, मूळची राजापूरची. "सोळा नाही, पंधरा. सासऱ्यांचं ऑपरेशन होतं. हा माझ्या रेहानचा दात आहे." मग ती पुढे येऊन चादरीला हात लावून बघू लागली, जणू रेहानलाच.

त्यानंतर आवरणं कठीण झालं. कोणाला वास्तुशांतीमुळे आठ दिवस उशिरा जावं लागलं होतं, कोणाचं नणंदेशी वाजलं म्हणून सहाव्यातच निघाली होती. ज्या तारखा नवऱ्यांना विचारल्या असत्या तर डोकं खाजवत बसले असते, त्या या बायकांना वारासकट पाठ होत्या. एकेक दात आपल्या आईकडे जात होता.

"आणि हा? याच्यात पट्टीच नाही," कोणीतरी म्हणालं.

"माझ्या धाकट्याचा असणार," तबस्सुम म्हणाली. "दुसऱ्या वेळी कोण पाठवतंय?"

सगळ्या हसल्या. भारती मात्र हसली नाही. ती तिसऱ्या मजल्यावरची, तिचं माहेर विदर्भात, कोळशाच्या खाणीजवळ. तिच्या मुलीच्या दातात माहेरचे दिवस फिकट नव्हते. इथल्यापेक्षा काळे होते.

"हा नका नेऊ," ती हळूच म्हणाली. "तुमचं गणित बिघडेल. आणि माझ्या आईला वाईट वाटेल."

"नेऊया की नको ते तूच ठरव," मी म्हटलं.

कुसुममावशी शेवटच्या चटईवर पाय पसरून बसल्या होत्या. "मी नवव्यात झाडू मारत होते," त्या कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या. "हजेरी चौकीवरनं थेट प्रसूतिगृहात. माझ्या पोराचा दात काढलात तर त्यात माहेर सापडायचं नाही." मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "गुरुवारी किती वाजता जायचंय?"

*

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती, सकाळी अकराला. व्यासपीठावर सुनावणी अधिकारी निंबाळकर, त्यांच्या डावीकडे भट्टीचे सल्लागार, टाय लावलेले. मागच्या भिंतीवर प्रत्येक सार्वजनिक सभागृहात असतो तसा वॉर्डाचा फलक. अठ्ठ्याऐंशी, हिरवा. दर पाच मिनिटांनी बदलणारा.

मी माझं सगळं सांगितलं. बायकांनी उठून आपापल्या तारखा सांगितल्या. निंबाळकरांनी ऐकून घेतलं, हे मान्य करायला हवं. मग चष्मा काढून म्हणाले, "ताई, हे पत्र्यावर सापडलेले दात आहेत. आईने तारीख सांगितली म्हणून दात तिच्या मुलाचा, हे मी कसं नोंदवू?"

"आम्ही तारखा सांगितल्या त्या रेघांशी जुळल्या. एकवीस जणींच्या. आणि कोणालाही आमच्यासमोर डीएनएसाठी लाळ तपासू द्या, मुलं इथेच आहेत."

सल्लागार कागद चाळत होते. "साहेब, या यादीत सतरा नंबर बघा. या बाईंच्या माहेरी प्रदूषण इथल्यापेक्षा जास्त निघालंय. म्हणजे ही पद्धतच भरवशाची नाही."

भारती उठली. "पद्धत भरवशाची आहे म्हणूनच तसं निघालं, साहेब. माझं माहेर आहे ते. दाताने त्याचीही बाजू घेतली नाही."

निंबाळकरांनी चष्मा परत लावला आणि अंगठ्याने मागचा फलक दाखवला. "तुमच्या भावना मी समजतो. पण दात झाले जुने. आजची हवा काय आहे ती अधिकृत केंद्र सांगतं, आणि ते हिरवं आहे. मला त्यावरच..."

ते थांबले, कारण कोणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं. फलक बदलला होता. एकशे चव्वेचाळीस, पिवळा.

संदेश सकाळी काही न बोलता गेला होता. डबासुद्धा विसरला होता. मी फोनकडे पाहिलं, काही नव्हतं.

सल्लागारांनी दोन ठिकाणी फोन लावला. निंबाळकर काहीतरी मुद्दा मांडत राहिले, पण त्यांचा आवाज फलकाची वाट बघत होता. पाच मिनिटांनी दोनशे एकोणतीस. आणखी पाच मिनिटांनी सभागृहाच्या भोंग्यातून तो आवाज आला जो तीन वर्षांत आमच्या वॉर्डात कोणी ऐकला नव्हता. तीनशे बारा. लाल.

"नियमाप्रमाणे," निंबाळकर उभे राहून म्हणाले, "सर्वांनी सभागृह सोडून घरी जावं. मास्क लावा. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आधी." ते माझ्याकडे बघून म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "सुनावणी संपली असं मी जाहीर करतो."

सल्लागारांच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं. ते कागद गोळा करू लागले. सुनावणी संपली आणि हरकती नोंदल्या नाहीत की मुदतवाढ आपोआप मिळते, हे आम्हालाही माहीत होतं.

मी उठले होते, तशीच खाली बसले. तबस्सुमने रेहानला मास्क लावला आणि त्याला मांडीवर घेऊन बसली. खुर्च्या सरकल्याच नाहीत.

"ताई, हवा वाईट आहे," निंबाळकर म्हणाले.

"हो ना," कुसुममावशी म्हणाल्या. त्या पहिल्या रांगेत होत्या. "तेच लिहून द्या."

"काय?"

"इतिवृत्तात लिवा. हवा वाईट असल्यामुळं सुनावणी थांबवली. तारीख, वेळ, सही. लगेच जातो आम्ही."

सल्लागार पुढे झाले. "साहेब, असं काही लिहू नका. यंत्रात बिघाड आहे. मी बोललोय वरती."

"बिघाड असेल तर लईच चांगलं," मावशी म्हणाल्या. "म्हणजे हवा चांगली. मग उठवताय कशाला? बसा, चालू द्या सुनावणी. एकवीस हरकती आहेत, नोंदवून घ्या."

कोणीतरी मागे हसलं आणि खोकलं.

निंबाळकर एकदा सल्लागारांकडे, एकदा फलकाकडे बघत होते. हवा वाईट असं लिहिलं तर भट्टी आज बंद करावी लागणार. यंत्र बिघडलंय असं लिहिलं तर आमचे दात नोंदवावे लागणार. तिसरं वाक्य ते शोधत होते आणि आम्ही त्यांना शोधू देत होतो. खिडक्या बंद होत्या तरी घशात तो जळका, गोडसर वास उतरत होता. पोटात बाळ हललं. मला कळत होतं की मी इथे बसलेय त्याचं काय उमटतंय. जुईने माझा हात धरला होता. तिची घरघर मला बोटांतून जाणवत होती. मी तिला घरी नेलं असतं. न्यायलाच हवं होतं, कुठल्याही इतर दिवशी.

"सर," मी म्हटलं, "तीन वर्षं हा आकडा बघून आम्ही मुलांना मैदानात पाठवलं. आज आकडा उठा म्हणतोय तर कारण लिहून घेतल्याशिवाय आम्ही उठणार नाही."

चौदा मिनिटं गेली. शेवटी निंबाळकर खाली बसले. पेनचं टोपण काढलं. सल्लागार त्यांच्या खांद्यावर वाकून काहीतरी कुजबुजले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मलाही श्वास घ्यावा लागतो हो."

त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि मोठ्याने वाचून दाखवल्या. वॉर्डातील हवा घातक पातळीवर गेल्याने सुनावणी तहकूब. सादर केलेले दात व आलेख पुढील सुनावणीसाठी सीलबंद करून ताब्यात घेतले. सही.

कुसुममावशींनी कागदाचा फोटो काढायला जुईला सांगितलं, कारण त्यांना ते नीट जमत नाही. मग त्या उठल्या, आणि त्यांच्यामागे सगळ्या.

*

संदेश शाळेच्या फाटकाशी उभा होता. मी आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. बूट कोरडे होते.

"झाडांना पाणी जास्त झालं होतं," तो म्हणाला.

"चौकशी लागेल."

"लागली. दुपारी बोलावलंय." त्याने जुईला उचलून घेतलं, ती मोठी झाल्यापासून तो तिला असं क्वचितच उचलतो. "बागेला पाणी किती द्यावं याचा आदेश दाखवा म्हणेन. लेखी. दोन बकुळींचे फोटो आहेत माझ्याकडे."

"उद्या दुसरा माणूस चालू करेल."

"करेल. पण आजचा आकडा आज लिहिला गेला ना?"

आम्ही खाडीच्या बाजूने घरी आलो. चारच्या सुमाराला खिडकीतून दिसलं, भट्टीच्या धुराड्यातून येणारा धूर बारीक होत गेला आणि मग नुसतंच धुराडं उरलं, आकाशात उगाच उभं. जुईने ते पहिल्यांदाच तसं पाहिलं. "त्याचा पण दात पडला?" तिने विचारलं. मग स्वतःचा दुसरा दात जिभेने हलवत म्हणाली, "हा हलतोय. हा तुला देऊ की उंदराला?"

"उंदरालाच दे," मी म्हटलं. "पत्र्यावर नीट राहतात."

पोटातलं हे बाळ सहा वर्षांचं होईल तेव्हा त्याचाही दात पडेल, आणि मी तो कापून बघेन. जन्मरेघेच्या आधी कुठेतरी त्या गुरुवारची रेघ असेल, काळी, मीच बसून राहिल्यामुळे उमटलेली. तिची मी त्याच्याकडे माफी मागेन. आणि मग तिच्या शेजारची शुक्रवारची रेघ त्याला दाखवेन. ती फिकट असेल, एकुलती एक, आणि माहेरी न जाता उमटलेली.